हिरव्या कळशीची हळद

समोरच्याचा गिलास रिकामा दिसला की आयचा जीव वरखाली व्हायचा. पाणी असो, चहा असो, कोकम असो. पाहुण्यानं गिलास खाली ठेवला आणि तो तसाच राहिला तर घराची अब्रू गेली, असं आमच्या करावे या गावी आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. ताडीच्या बाबतीत तर ही रीत शास्त्राला पोचली होती. ताडी पोटात गेली की हजेरी लावायला वेळ घेत नाही. पहिल्या गिलासात पाहुणा बोलका होतो, दुसऱ्यात गातो, तिसऱ्यात वीस वर्षांपूर्वीचं बांधाचं भांडण उकरून काढतो, आणि तेव्हा घरच्या बाईनं ओळखायचं असतं की आता पानं मांडावीत. हे घड्याळ गावात सगळ्यांना पाठ होतं. मी जन्मात ताडीचा थेंब घेतला नव्हता, तरी मलाही होतं. एकोणिसाव्या वर्षी हेच घड्याळ मी भांगेला लावलं आणि सख्ख्या भावाच्या हळदीत जो घोळ घातला, तो आता साठी उलटल्यावर लिहून ठेवते आहे. आय असती तर म्हणाली असती, "लवकरच सुचला गो तुना."

तेव्हा आमचं घर म्हणजे पुढे ओटी, मागे पडवी आणि परसात बाबांनी काढलेल्या भाड्याच्या पाच खोल्या. शेतं शहरात गेली होती, खाडी तेवढी उरली होती. बाबा बंदरावर नोकरीला लागले होते, पण रविवारी भरती-ओहोटी बघून जाळं टाकल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे. सकाळपासून नेरूळच्या बाजूनं इमारतींचे खांब ठोकल्याचा आवाज यायचा आणि आय त्या ठोक्यावर भाकऱ्या थापते, असं माझा मोठा भाऊ मधूदादा म्हणायचा. अंगणात सुकट पसरलेली असायची, तिच्यावर एक डोळा ठेवून मी अकाउंट्सचं पुस्तक वाचायची. कॉलेजात गेलेली घरातली मी पहिलीच. त्यामुळे नंदाला सगळं कळतं असं घरच्यांना वाटायचं, आणि त्यांच्यापेक्षा जास्त मला वाटायचं.

मधूदादाचं लग्न ठरलं तेव्हा आयनं एक पाऊल उचललं. आमच्याकडे लग्नापेक्षा हळद मोठी, आणि हळदीत दारू वाहते. गावच्या महिला मंडळात आय कधी तोंड उघडायची नाही, पण त्या महिन्यात ती उभी राहिली आणि म्हणाली की माझ्या मधूची हळद बिनदारूची होईल. एक थेंब सापडला तर मी या मंडळात पुन्हा बोलायची नाय. हे भाषण तिच्याकडून मीच पाठ करून घेतलं होतं. गावात दोन दिवस दुसरा विषय नव्हता. बाबांचे थोरले भाऊ, आमचे अण्णाकाका, ओटीवर येऊन बसले आणि म्हणाले, "कोरडी हलद? मंग हलदीऐवजी पिठी लावा त्याला." आयनं त्यांच्यासमोर चहाचा कप ठेवला आणि आत निघून गेली.

अण्णाकाकांचं एक वेळ चाललं असतं, खरी अडचण होती हिरामावशीची. हिरामावशी म्हणजे गावची धवलारीण. आमच्या लग्नांत भटजीच्या आधी धवलारीण लागते. पदर डोक्यावर घेऊन ती पाटासमोर बसते आणि गाण्यातून एकेकाला आवतन देते. आधी गावदेवीला, मग एकवीरेला, मग त्या घरातल्या मेलेल्या माणसांना, नावं घेऊन. आजे, पणजे, लहानपणी गेलेली पोरं, सगळ्यांना बोलावून झालं की मगच नवऱ्या मुलाला हळद लागते. ज्या घरी हळद, त्या घरचीच मेलेली माणसं बोलवायची. धवलारणीनं आपल्या घरचं नाव तिथं घ्यायचं नाही, हा कडक नेम. हे सगळं हिरामावशीला मुखोद्गत होतं, कुठं लिहिलेलं नव्हतं. बसायच्या आधी तिला एक गिलास द्यायचा हाही नेमच होता. ती त्यात बोट बुडवून तीन थेंब जमिनीवर सोडायची, पितरांचे, आणि उरलेलं आपल्या घशाखाली. आमच्या घरची भानगड कानावर गेल्यावर ती मला विहिरीजवळ गाठून म्हणाली, "नंदे, देवांना कोरडा आवतान कसा देव? माजा गला कोरडा त देव बी कोरडे." आयला हे सांगायची माझी छाती नव्हती. आयचा शब्द राहिला पाहिजे आणि मावशीचा घसाही ओला झाला पाहिजे, असा तोडगा मी शोधत होते.

तोडगा आमच्या चौथ्या खोलीत राहत होता. दुबेजी बनारसकडचे. नेरूळला त्यांचं दुधाचं दुकान होतं. हळदीसाठी मोठं पातेलंभर थंडाई करायचं त्यांनी हौसेनं कबूल केलं होतं, बदाम, बडीशेप, मिरी, गुलाबपाकळ्या. पाट्यावर ते वाटत बसले की सगळ्या परसाला बडीशेपेचा वास यायचा. मी त्यांना हळूच विचारलं, भांग ही दारू का? दुबेजींनी कानाला हात लावला. "राम राम, दारू नहीं, वो तो भोलेनाथ का परसाद है." झालं. मला पाहिजे तेवढंच मी ऐकलं. शंकराचा प्रसाद ही दारू नव्हे, म्हणजे आयचा शब्द शाबूत. कॉमर्सवाल्यांना पळवाट लवकर सापडते. पुढचं दुबेजी जे सांगत होते ते मी ऐकलं, पण मनावर घेतलं नाही. ते म्हणत होते, "बिटिया, दारू गले से उतरते ही बोलती है. ये घंटा-डेढ़ घंटा चुप बैठती है. पेट भरा हो तो दो घंटा. एक छोटा गिलास, बस, फिर रुको. लगे ना लगे, दूसरा मत देना. और जिसको दो, उसको बताके दो." वाटलेल्या भांगेच्या गोळीचं माप त्यांच्या अंगठ्याचं पहिलं पेर होतं. त्यांनी पांढरी थंडाई मोठ्या पातेल्यात केली आणि हिरवी एका लहान कळशीत, तोंडाला लाल दोरा बांधून, म्हणजे पोराबाळांच्या हाती जायला नको. त्यांच्याकडून काही चूक झाली नाही हे मी इथं लिहून ठेवते, कारण पुढं अण्णाकाकांनी सगळं खापर त्यांच्यावर फोडायचा बराच प्रयत्न केला.

मधूदादाचा मुलगा प्रणव आता टोरांटोला असतो. तिकडे असली पेयं दुकानात, रीतसर, डब्यात मिळतात. मागच्या महिन्यात त्यानं मला एका डब्याचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "आत्या, हे बघ, हे पंधरा-वीस मिनिटांत कळतं, तुझ्या भांगेसारखं दोन तास लावत नाही." म्हणे त्यातला अर्क इतका बारीक करतात की तो पाण्यात मिसळतो आणि लवकर अंगात भिनतो. डब्यावर मिलिग्रॅममध्ये मापही छापलेलं होतं. मी त्याला फोन केला आणि विचारलं, पंधरा मिनिटांत कळतं, पण उतरायला किती लागतं? तो म्हणाला, काही तास. मग गाडीची चावी कुणाकडे देतोस, मी विचारलं. त्यानं विषय कायद्यावर नेला. आपल्याकडे याच्या कायद्याचं काय, ते ज्याचं त्यानं विचारून घ्यावं, मी वकील नाही. पण माप छापलेलं असो की अंगठ्याच्या पेराचं, वाट बघायची अक्कल डब्यात घालून मिळत नाही, एवढं मी प्रणवला सांगितलं. तो हसला. हसू दे.

हळदीच्या दिवशी बारा वाजताच जेवणं सुरू झाली. दारात केळीचे खांब, मांडवात बेंजोवाले, मागे चुलीवर वडे आणि मटण. बिनदारूची हळद बघायला सबंध गाव आलं होतं, कौतुकानं कमी आणि पंचाईत म्हणून जास्त. आय पातेल्याजवळ उभी राहून स्वतः पांढरी थंडाई वाढत होती. इतकी टवटवीत मी तिला क्वचितच पाहिली. मंडळाच्या बायका येऊन तिच्या पाठीवर हात ठेवत होत्या. मी पडवीत, दाराआड, कळशी घेऊन. हिरामावशी पोटभर जेवून आली. मी म्हटलं, मावशे, ही हिरवी, भांगेची, पण दारू नाही. तिनं गिलास हुंगला, तीन थेंब सोडले आणि एका दमात संपवला. अण्णाकाकांना कसा कुणास ठाऊक वास लागलाच, त्यांनीही एक घेतला. मग आम्ही तिघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो.

अर्धा तास गेला. काही नाही. "यो तुज्या भय्याचा ताक हाय," अण्णाकाका म्हणाले. हिरामावशी रिकामा गिलास हातात फिरवत होती. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला दुबेजींचं बोलणं आठवलं होतं, शब्दन् शब्द. पण गावची धवलारीण आमच्या पडवीत रिकामा गिलास घेऊन बसलेली, आणि मी हात बांधून तिला म्हणू, की थांब, दोन तास वाट बघ? ते मला जमेना. आयच्या लेकीच्या हाताला सवयच नव्हती. मी दुसरा भरला. पुन्हा थोडा वेळ गेला. मावशी म्हणाली, "गला जरासा उघारला वाटते," तर मी आनंदानं तिसरा भरला. अण्णाकाकांनी दोनच घेतले, तेही त्यांना मध्येच काकूनं हाक मारली म्हणून. दोन वाजता मधूदादाला पाटावर बसवलं आणि हिरामावशी पदर सावरून चालत गेली, ताठ, एकही पाऊल वाकडं नाही. मला वाटलं, जिंकलो.

गाणं सुंदर सुरू झालं. गावदेवीला आवतन गेलं, एकवीरेला गेलं. आमच्या पणजोबांना गेलं. मग पणजोबांना पुन्हा गेलं. तिसऱ्यांदा पणजोबांनाच बोलावलं तेव्हा मागच्या बायका एकमेकींना कोपरानं ढोसू लागल्या. मावशीचा आवाज संथ होत चालला होता आणि प्रत्येक नावापाशी ती बराच वेळ रेंगाळत होती. पलीकडे अण्णाकाका मांडवाच्या बांबूला टेकून बसले होते आणि आपल्या तळहाताकडे बघत होते, जणू काल तो नव्हता. काकू त्यांना काहीतरी सांगत होती आणि ते मान डोलावून ऐकत होते. बत्तीस वर्षांच्या संसारात हे पहिल्यांदा घडत होतं, म्हणून काकू घाबरली. बेंजोवाला हसत होता, मधूदादा पाटावर अंग खाजवत होता, वाटीतली हळद सुकत चालली होती.

आणि मग हिरामावशीनं आणखी एक आवतन दिलं. "ये गो माजे कुसुम," ती गायली, "हलदीला ये, नवा परकर नेसून ये, आयचा हात धरून ये." बेंजो थांबला. कुसुम आमच्या घरची कुणी नव्हती. ती हिरामावशीची एकुलती एक मुलगी, माझ्याच वर्षी, माझ्याच महिन्यात जन्मलेली. पाचव्या वर्षी तापात गेली. गावात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नसे. शेकडो पोरींची लग्नं त्या बाईनं गाऊन लावली होती, आणि इतक्या वर्षांत एकदाही तिनं हे नाव कुणाच्या मांडवात घेतलं नव्हतं. त्या नावापाशी तिचं गाणं तुटलं. तिचा चेहरा पांढरा पडला. तिनं माझा हात पकडला आणि म्हणाली, "नंदे, माजे पाय कय गेले? छाती बघ कशी धडधड उरते. मी मेले गो."

बायकांचा गराडा पडला. कुणी म्हणालं ऊन लागलं, कुणी म्हणालं देव अंगात आला. काकूनं मावशीच्या पिशवीतून ब्लडप्रेशरच्या गोळ्या काढल्या, प्रेशर वाढलंय, दोन देऊ या, म्हणाली. आयनं वाकून विचारलं, "हिरे, काय घेतलंस?" हिरामावशीला तेवढ्या अवस्थेतही माझ्याकडे बघायचं सुचलं, आणि ती म्हणाली, "काय नाय. ऊन लागला." ती मला वाचवत होती. मी गप्प बसले असते तर आयचा शब्द राहिला असता, मंडळ राहिलं असतं, माझी अक्कलही राहिली असती. काकू गोळ्या फोडत होती. मला मावशीच्या तोंडात जाणाऱ्या त्या दोन गोळ्या दिसल्या. मी म्हटलं, "गोळ्या देऊ नका. तिला भांग दिलीय. मी दिली, तीन गिलास." सगळा मांडव माझ्याकडे बघू लागला. मी मात्र आयकडे बघितलं नाही. मला धीरच झाला नाही.

आयनं काकूच्या हातातल्या गोळ्या काढून घेतल्या, बाबांना रिक्षा घेऊन नेरूळच्या डॉक्टरांकडे धाडलं आणि दुबेजींना हाक मारली. दुबेजी धावत आले, किती आणि केव्हा ते विचारलं, आणि कळल्यावर माझ्याकडे असं बघितलं की त्यापेक्षा दोन मुस्काटात परवडल्या असत्या. डॉक्टर आले, त्यांनी नाडी आणि प्रेशर तपासलं. वेळेवर सांगितलंत हे बरं केलंत, म्हणाले. नेहमीची गोळी आपल्या वेळेला, वरची एकही नाही, उतारा म्हणून चिंच-लिंबाचे प्रयोग नाहीत. पडू द्या, पाणी द्या, एकटी सोडू नका. झोपेतून हलवून उठली नाही किंवा श्वास लागला तर तडक हॉस्पिटल. बाकी हे चढलं तसं उतरेल, सावकाश. मी पडवीत तिचे दोन्ही पाय मांडीवर घेऊन बसले, कारण पाय हरवले असं ती दर पाच मिनिटांनी म्हणायची आणि मी ते दाबून दाखवायची. हे बघ, हा डावा, हा उजवा. तिला पटायचं आणि पुन्हा विसरायची. माझ्या आयुष्यात इतकी लांब दुपार दुसरी झाली नाही. अण्णाकाकांनी तेवढ्यात अकरा वडे खाल्ले आणि प्रत्येक वड्यानंतर, असा वडा मी जन्मात खाल्ला नाही, असं सांगितलं.

बाहेर हळद अडली होती. आवतन अर्धवट सुटलेलं आणि तेही परक्या नावापाशी. एक म्हातारी म्हणाली, ते नाव परत घ्यायला पाहिजे, हे घर तिचं नाय, अपशकुन व्हयल. पडवीच्या दारातून, थेट ओटीपलीकडे, मला आय दिसत होती. ती मांडवाच्या मधोमध उभी राहिली आणि आधी मंडळाच्या बायकांना म्हणाली, "माजी हलद कोरडी राहिली नाय. माज्याच पोरीनं ओली केली. मी शब्द दिलेला, तो मोडला. आता मंडलात मी गप बसन." मग ती त्या म्हातारीकडे वळली. "आनि जिला बोलावली ती आली असंल. दारात आलेलीला परत कशी धाडू?" ती आत गेली आणि केळीचं पान घेऊन आली. पितरांची पानं मांडली होती त्या ओळीत तिनं ते शेवटी मांडलं, त्यावर वडे वाढले, गूळ वाढला, शेजारी पांढऱ्या थंडाईचा गिलास ठेवला. उरलेलं आवतन सगळ्या बायकांनी मिळून, जिला जसं येत होतं तसं, चुकतमाकत म्हटलं. मधूदादाला हळद लागली तेव्हा चार वाजून गेले होते.

दुसऱ्या दिवशी वरात निघायच्या आधी मी हिरामावशीच्या घरी गेले. ती उंबऱ्यावर बसून मच्छी साफ करत होती, पाय दोन्ही जागेवर. मी आधी माफी मागितली. वाट बघायची असते हे मला माहीत होतं आणि मी तुला सांगितलं नाही, हेही सांगितलं. ती म्हणाली, "मी काय पोर हाय? मना बी तोंड हाय विचारायला." कोयता चालू होता.

"नंदे, खरा सांग. मी तिला बोलावली?"

काल एकदा खरं बोलून झालं होतं, त्यामुळे सोपं गेलं. मी म्हटलं, "बोलावलीस."

"मंग तुजी आय काय बोलली?"

"पान मांडलं. वडे वाढले, गूळ वाढला."

तिचा हात थांबला. मान खाली घालूनच तिनं विचारलं, "लहान पान मांडला का मोठा?"

आयनं पान कापलं तेव्हा मी पडवीतून बघत होते. लहान मुलांना ज्यावर वाढतात तो टोकाचा तुकडा तिनं बाजूला सारला होता.

"मोठं," मी म्हटलं. "माझ्याएवढ्या पोरीला वाढतात तेवढं."

हिरामावशीनं कोयता खाली ठेवला. हात पदराला पुसले, माझा चेहरा दोन्ही तळव्यांत धरला आणि इतका वेळ बघत राहिली, की शेवटी मला कळलं, ती मला बघत नव्हती.